किनाऱ्यालगतच्या घरासाठी ट्रेडमिल कशी निवडावी?

समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर आहे, पावसाळ्यात बाहेर चालायला जाता येत नाही, म्हणून स्वतःसाठी आणि सत्तरीतल्या वडिलांसाठी टिकाऊ ट्रेडमिल हवी आहे, असे आपण विचारले आहे. मी वेंगुर्ल्यात राहतो आणि सध्याची ट्रेडमिल माझी दुसरी आहे. पहिली दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडली. तिची मोटर शाबूत होती. मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलर कार्डावर मात्र खाऱ्या दमट हवेने हिरवट थर चढला होता, आणि ते बदलायला माणूस कोल्हापूरहून यायला तीन आठवडे लागले. त्यामुळे खरेदीपूर्वी माझा पहिला प्रश्न आता दुरुस्तीला कोण, कुठून येणार आणि कार्डावर किती वर्षांची हमी आहे, हा असतो. मोटरच्या लांबलचक हमीत कार्ड धरलेले असतेच असे नाही, म्हणून ते बिलावर लिहून घ्यावे.

मोटरच्या आकड्याने मात्र भुलू नये. ठळक छापलेली '५ एचपी' ही बहुधा क्षणभर मिळणारी 'पीक' शक्ती असते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पाचांचे ३,७३० वॅट झाले; २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटमधून ३,६८० वॅटच मिळतात, तेव्हा तेवढी शक्ती सलग मिळणे घरात शक्यच नाही. सलग शक्तीचा, म्हणजे 'सीएचपी'चा आकडा विचारावा: चालण्यासाठी दीड ते दोन आणि नियमित धावण्यासाठी अडीच ते तीन पुरेशी होते. पट्टा चालण्यासाठी निदान ४० सेंटिमीटर रुंद आणि ११० लांब असावा. आपण धावणार असाल तर ५० बाय १४० पाहावा. वजनमर्यादा घरातल्या सर्वांत जड माणसाच्या वजनापेक्षा वीसेक किलो जास्त असावी.

वडिलांसाठी लांब आडवे कठडे, ताशी एक किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगाची सुरुवात आणि कपड्याला अडकवायची सेफ्टी की (तोल जाऊन ती ओढली गेली की पट्टा थांबतो), या तीन गोष्टींवर तडजोड करू नये.

यंत्र पडवीत ठेवू नये, मग कितीही वारा येत असो. आतल्या खोलीत, मागे दोन मीटर मोकळी जागा सोडून ते ठेवावे. जांभ्यावरच्या घरांत अर्थिंग अनेकदा कच्चे असते, तेव्हा वायरमनकडून ते आधी तपासून घ्यावे आणि एक्स्टेंशन बोर्ड टाळावा. विजा कडकडू लागल्या की प्लग काढून ठेवावा. पट्ट्याखाली कंपनीने सांगितलेले सिलिकॉन तेलच घालावे. आमच्याकडे एका पाहुण्याने सद्हेतूने खोबरेल सुचवले होते, ते अर्थातच ऐकले नाही. पावसाळ्यात व्यायाम चुकला तरी मी रोज दहा मिनिटे पट्टा रिकामा फिरवतो आणि आठवड्यातून एकदा रोलरच्या टोकांचे स्क्रू कोरड्या फडक्याने पुसतो, कारण गंज प्रथम तिथेच दिसतो.