विमान कंपनीचं, पण सीटवर कोण?

चि.,
अनेक आशीर्वाद.

मालकांनी जेट घ्यायचं मनावर घेतलंय आणि "टॅक्सचं तू बघ" म्हणून फाईल तुझ्या टेबलावर टाकलीय, हे वाचलं. "निम्मं विमान तर टॅक्समध्येच सुटतं" हे त्यांचं वाक्य बहुतेक एखाद्या अमेरिकन व्हिडिओतून आलेलं असणार. तिकडे जुलै 2025 च्या कायद्यानं 19 जानेवारी 2025 नंतर घेतलेल्या विमानाची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करता येते. पण तीही धंद्याचा वापर निम्म्याहून जास्त असेल तरच, आणि ही अट व्हिडिओत शेवटी पुटपुटलेली असते. तो कायदा आपल्या पुण्यात चालत नाही, एवढं त्यांना आधी सांग.

आपल्याकडचं गणित कागदावर मांडून दाखव. 1961 च्या आयकर कायद्याच्या नियमांत विमानाला घसारा (दरवर्षी उरलेल्या किमतीवर मोजून उत्पन्नातून वजा होणारी झीज) 40 टक्के. पहिल्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला, तर त्याच्या निम्मा. सगळा खर्च धरून विमान 100 कोटींना पडलं असं समज. पूर्ण दरानं तीन वर्षांत 40, 24 आणि 14.40 मिळून 78.40 कोटींचा घसारा. कंपनी 25.17 टक्क्यांच्या दरात असेल, तर वाचलेला कर 19.7 कोटींच्या आसपास. निम्मं कुठे आणि हे कुठे! शिवाय यातलाही बराचसा नुसता पुढे ढकललेला कर आहे. तीन वर्षांनी विमान 60 कोटींना विकलं, तर ब्लॉकमध्ये (एकाच घसारा दराच्या मालमत्तांच्या गटात) त्याचे उरलेले असतात फक्त 21.60. तुमचे कॉम्प्युटरही याच 40 टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये बसतात (हे मालकांना सांगशील तेव्हा त्यांचा चेहरा बघ), पण त्यांची उरलेली किंमत मिळवून किती होणार? विक्रीतून त्याहून जास्त आलेली रक्कम कलम 50 खाली अल्पकालीन भांडवली नफा ठरते. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा अंतिम टिपणात नवे क्रमांक आणि नव्या नियमांतला दर तपासून घाल.

खरी रक्कम जीएसटीत अडकते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर 40 टक्के, बाकीच्यांवर 5. 100 कोटींच्या मूळ किमतीवर फरक 35 कोटींचा, म्हणजे वर काढलेल्या घसाऱ्याच्या फायद्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यातून जीएसटीच्या कलम 17(5) नं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वळता करायची सोय) अडवलेलं. प्रवासी किंवा मालवाहतूक, वैमानिक प्रशिक्षण, नाहीतर विमानाचीच पुढे विक्री, यांसाठी वापर असेल तरच ते मिळतं. विमा, सर्व्हिसिंग आणि दुरुस्तीवरचं क्रेडिटही त्याच अटीला बांधलेलं आहे.

इथे कुणीतरी हुशार माणूस "एनएसओपी घेऊन टाका" म्हणेल. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतूक नियामकाचा, तो परवाना म्हणजे भाड्यानं प्रवासी नेण्याचा खरा धंदा. त्याला वैमानिक, इंजिनिअर, जबाबदार अधिकारी सगळं लागतं. 2007 मध्ये अशा परवानाधारकांना सीमाशुल्कात सूट मिळाली, ती विमान फक्त त्याच सेवेसाठी वापरण्याची हमी लिहून घेऊन. मग ज्यांच्या विमानातून बहुतेक वेळा घरचीच मंडळी उडत होती, त्यांना नोटिसा गेल्या आणि वर्षानुवर्षं खटले चालले. काहींना शेवटी दिलासा मिळाला, पण मधली वर्षं कुणी भरून देत नाही. बाहेरच्यांना भाड्यानं द्यायचा खरंच इरादा नसेल, तर या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत.

आता मालकांच्या नावडीचा विषय. मंगळवारी बेळगावचा कारखाना, गुरुवारी सहकुटुंब शिर्डी. या दुसऱ्या फेरीचं काय? गुजरात उच्च न्यायालयानं 2002 मध्ये सयाजी आयर्नच्या खटल्यात, संचालकांनी वापरलेल्या कंपनीच्या गाड्यांबाबत, कंपनीला वैयक्तिक वापर असूच शकत नाही असं म्हटलं. म्हणून कंपनीचा खर्च नामंजूर झाला नाही. हा निकाल मालकांचे सल्लागार तुला उत्साहानं दाखवतील. पुढचं वाक्यही वाचायला लाव: तो लाभ संचालकाच्या हातात करपात्र ठरू शकतो, आणि 1961 च्या कायद्यातल्या उत्पन्नाच्या व्याख्येत, 2(24)(iv) मध्ये, त्याचे नातेवाईकही येतात. कंपनीनं वाचवलेला कर मालकांच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये हजर होतो. भागीदारी फर्म किंवा एकट्याचा धंदा असेल तर निकालाचा हा आधारही दुबळा, तिथे त्याच कायद्याच्या 38(2) खाली घसारा प्रमाणात कापला जातो.

म्हणून पहिल्या उड्डाणाआधी एक नोंदवही सुरू कर. वैमानिकाचं लॉगबुक वेगळं, त्यात माणूस का गेला ते नसतं. तू प्रत्येक फेरीत कोण बसलं, कुणाला भेटलं, त्या भेटीचा ईमेल कुठे आहे, आणि रिकामं परत आलं तर का, हे त्याच आठवड्यात लिहून ठेव. असेसमेंटला तीन वर्षांनी आठवून लिहिलेला तक्ता अधिकारी शाईवरून ओळखतो. कौटुंबिक फेऱ्यांचं बाजारभावानं बिल मालकांना लावायचा मोह होईल, पण खासगी परवान्यावर भाडं घेता येत नाही, तेव्हा आधी विमान वाहतुकीच्या वकिलाला विचार.

आणि हो, मालक वर्षाला किती तास उडणार याचा अंदाज अजून तुझ्या फाईलमध्ये नाही. तो मागवून घे आणि शेजारी चार्टरचं कोटेशन लाव. बोर्डाच्या ठरावाचा मसुदा त्यानंतर पाठव, बघतो.

तुझे,
सर