‘हाइ’ म्हणजे हो नव्हे

प्रश्न: ताई, मी पुण्यात एका जपानी कंपनीत कोऑर्डिनेटर आहे, जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, एन-टू पातळी झालीये. तोक्योची टीम आणि शिकागोचा क्लायंट यांच्या कॉलवर मधे मीच असते. मागच्या महिन्यात अमेरिकन मॅनेजरने डिलिव्हरी दोन आठवडे अलीकडे आणायला सांगितली. तोक्योचे साहेब पूर्ण वेळ ‘हाइ, हाइ’ करत होते, शेवटी ‘केन्तो शिमास’ म्हणाले, मी ‘विचार करतो’ असं इंग्रजीत सांगितलं, शिकागोवाल्यांनी मिनिट्समध्ये ‘अॅग्रीड’ लिहून टाकलं. तीन आठवडे काही हललं नाही. आता शिकागोवाले म्हणतात हे खोटं बोलले, तोक्योवाले म्हणतात आम्ही हो म्हणालोच कधी. माझं काय चुकलं?

उत्तर: अगं, शब्द तू बरोबर सांगितलेस, फक्त त्यातला नकार तिकडे पोचलाच नाही.

आपल्याकडे आजी गोष्ट सांगताना पोरांनी हुंकार द्यायचा असतो ना, हुंकार थांबला की आजी विचारते झोपलास का? जपानी माणसाचं ‘हाइ’ बरेचदा तसंच असतं, ऐकतोय, पुढे बोला. त्याला ते आइझुची म्हणतात. लोहाराच्या भट्टीवर दोघं आळीपाळीनं घण मारतात त्यावरून आलेला शब्द आहे, म्हणजे समोरच्याच्या घावाला आपला घाव, संमतीचा काही संबंध नाही. शिकागोच्या माणसाला मात्र वीस मिनिटं ‘येस, येस’ ऐकू आलं, त्याला तरी काय दोष द्यायचा.

आणि ‘केन्तो शिमास’. धंद्याच्या बोलण्यात हे फार वेळा सभ्य ‘नाही’ असतं. ‘मुझुकाशी’ म्हणजे अवघड आहे, हे तर जवळजवळ नक्की नाही. पण अमेरिकन माणसाला अवघड म्हटलं की तो खुर्ची पुढे ओढून म्हणतो, चला सोडवू. मी स्वतः एका मीटिंगला दुभाषी होते तेव्हा किंमत ऐकल्यावर जपानी साहेबांनी मान किंचित तिरकी केली, दातांमधून स्स्स करून हवा आत ओढली आणि गप्प बसले. आठ-दहा सेकंद असतील, जास्त नाही. माझ्या दृष्टीने उत्तर मिळालं होतं. अमेरिकन पाहुण्याला ती शांतता सहन झाली नाही आणि त्याने कुणी न मागता स्वतःच किंमत पाच टक्के कमी केली, साहेब नंतर मला विचारत होते की हे असं का केलं त्यांनी!

हा घोळ फार वरपर्यंत झालाय. 1969 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि जपानचे पंतप्रधान सातो भेटले, अमेरिकेच्या ताब्यातलं ओकिनावा बेट जपानला परत देण्याचं चाललं होतं आणि निक्सनना जपानी कापडाची निर्यात कमी करून हवी होती. सातो ‘झेन्शो शिमास’ म्हणाले, योग्य ते बघतो, असा किस्सा दुभाष्यांच्या वर्गात हमखास सांगतात. निक्सननी तो शब्द दिला असं धरलं आणि निर्यात काही आटपेना तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटून घेतलं.

आता करायचं काय? तू नुसती दुभाषी नाहीस, कोऑर्डिनेटर आहेस, हा मोठा फायदा आहे. कॉलच्या दोन दिवस आधी तोक्योला फोन कर, एकेकाला वेगळं विचार की ही मागणी येणार आहे, अडचण कुठे येईल. याला नेमावाशी म्हणतात, झाड दुसरीकडे लावण्याआधी मुळांभोवती खणून मुळं तयार करतात ना, ते. त्यांचा निर्णय असाच आधी होतो, मीटिंगमध्ये फक्त जाहीर होतो. आणि शिकागोला हे आधीच सांगून ठेव, कारण त्यांना वाटतं मीटिंग म्हणजेच निर्णय घ्यायची जागा. कॉलवर ‘केन्तो’ आलं तर तिथेच तोक्योला जपानीत विचार, ‘अजून मंजूर नाही, असं सांगू का?’ ते सुटल्यासारखे ‘हाइ’ म्हणतील, आणि ते ‘हाइ’ खरं हो असेल बघ. मिनिट्स तू लिही, त्याच दिवशी दोघांना पाठव. हे मात्र सोडू नकोस.

प्रश्न: माझा मुलगा ओसाकाहून टेक्सासला गेला. म्हणतो इथे गाडी घासली तरी सॉरी म्हणायचं नाही, जपानमध्ये आधी माफी मागायची. असं खरंच असतं का? (कोल्हापूर)

उत्तर: हो काका, खरंच आहे. अमेरिकेत माफी म्हणजे चूक कबूल, ती कोर्टात अंगावर येईल ही धास्ती असते. जपानमध्ये दोष कुणाचा ते नंतर, आधी समोरच्याला त्रास झाला म्हणून मान झुकवायची. 9 फेब्रुवारी 2001 ला हवाईजवळ अमेरिकन पाणबुडी ग्रीनव्हिल एकदम वर आली आणि एहिमे मारू या जपानी जहाजाला धडकली, जपानमधल्या उवाजिमाच्या मत्स्यशाळेचं जहाज, नऊ जण गेले, त्यात चार विद्यार्थी. पाणबुडीचे कप्तान स्कॉट वॉडल यांच्या वकिलामार्फत आधी फक्त खेद कळवला गेला, त्यानं मृतांच्या घरच्यांचा संताप जास्तच वाढला, त्यांना तो माणूस समोर येऊन वाकलेला हवा होता. मार्चमध्ये होनोलुलूला वॉडल त्यांना भेटले, माफी मागितली. पुढे नौदलातून निवृत्त झाल्यावर डिसेंबर 2002 मध्ये ते उवाजिमाला गेले आणि शाळेतल्या स्मारकासमोर फुलं वाहिली.