नवी रॅम बसवल्यापासून पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. मदरबोर्ड जळला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८ जीबीच्या जुन्या डीडीआर४ रॅमशेजारी १६ जीबीची नवी रॅम लावली. तेव्हापासून पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर काळाच. नवी रॅम काढली तरी तेच. आता नवा मदरबोर्ड मागवावा का?

एवढ्यात मागवू नका. रॅम बसवताना बोर्ड जळणे तसे दुर्मीळ आहे. रॅमची खाच मधोमध नसते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. डीडीआर५ च्या पिनाही डीडीआर४ इतक्याच, २८८, पण खाचेची जागा वेगळी, म्हणून चुकीच्या प्रकारची रॅमही आत जात नाही. काम करताना वीज जोडलेली होती का, एवढे मात्र आठवून पाहा. जोडलेली नसेल, तर बोर्ड शाबूत असण्याचीच शक्यता जास्त.

सगळ्यात आधी मॉनिटरची केबल बघा. ती ग्राफिक्स कार्डाला आहे की बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला? रॅमचे खटके उघडायला कार्ड आड येते म्हणून बरेच जण ते काढतात, आणि परत लावताना केबल दिसेल त्या पोर्टात जाते. इंटेलच्या एफ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये, किंवा जी अक्षर नसलेल्या बहुतेक रायझन ५००० मध्ये, अंगभूत ग्राफिक्सच नसते. तिथे बोर्डाच्या पोर्टातून काहीही दिसणार नाही. कार्ड काढले असेल तर त्याची ६ किंवा ८ पिनांची पॉवर केबलही तपासा.

मग आतले काम. प्लग भिंतीतून काढा आणि त्यानंतर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. मशीन बंद दिसत असले तरी प्लग जोडलेला असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टचा पुरवठा चालूच असतो. बटण दाबल्याने उरलासुरला भारही निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. बहुतेक बोर्डांवर रॅमचे स्लॉट २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरला खेटून असतात. हाताचा धक्का लागून तो जरासा वर आलेला असू शकतो, तेव्हा तो नीट दाबा. प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टरही दाबून घ्या.

आता एकच रॅम ठेवा, जुनी, चालत होती तीच. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर एकट्या रॅमची जागा प्रोसेसरपासून मोजून दुसरी. तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत नक्की बघा. दोन्ही टोकांना खटका वाजेपर्यंत दाबा. रॅमला आपण समजतो त्यापेक्षा जास्त जोर लागतो, आणि एक टोक अर्धवट राहणे हे या तक्रारीमागचे फार मोठे कारण आहे. सोनेरी पट्ट्या मळलेल्या असतील तर पुष्कळ जण खोडरबर घासतात. मला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड बरे वाटते, कारण खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो.

तरीही डिस्प्ले नाही? मग माझा खरा संशय बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, सेटिंगवर आहे. जुन्या रॅमसाठी एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर केलेल्या जादा वेगाने चालवणारे सेटिंग) चालू असेल, समजा ३२०० वर, तर नवी रॅम लावल्यावरही बोर्ड तोच वेग गाठायला बघतो. नवीला तो झेपत नसेल तर सुरुवातच अडते. बरेच बोर्ड दोन-चार प्रयत्नांनंतर आपोआप मूळ वेगावर येतात, पण सगळेच येत नाहीत, आणि नवी रॅम काढली तरी गोंधळलेले सेटिंग तसेच राहू शकते. यावर उपाय सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग जिथे साठते ती छोटी मेमरी, साफ करणे. प्लग काढलेलाच ठेवून पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी पाच-दहा मिनिटे काढून ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर नंतर रिकव्हरी की विचारली जाऊ शकते, ती आधी शोधून ठेवा.

यानंतर मशीन चालू करून थांबा. घाईने बटण दाबू नका. बोर्ड रॅमची वेळगणिते नव्याने जुळवतो, तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. डीडीआर४ ला हे सहसा लवकर उरकते, पण मधे एकदा-दोनदा आपोआप रीस्टार्ट झाले तर घाबरू नका. डीडीआर५ वाल्यांना कित्येकदा काही मिनिटे वाट पाहावी लागते.

जुनी रॅम चालली की ती काढून त्याच स्लॉटमध्ये एकटी नवी लावा. ती चालत नसेल तर ती सदोष आहे किंवा बोर्डाशी जुळत नाही, परत करा. एकेकटी चालतात पण दोघी मिळून नाही, असेही होते. वेगवेगळ्या रॅमची जोडी जमेलच याची हमी नसते, आणि जमली तरी दोन्ही कमी वेगवालीच्या चालीने चालतात. म्हणून मी विचारणाऱ्याला एकाच पाकिटातली जोडीच घ्यायला सांगतो.

दोन्ही चालल्या तर एक्सएमपी बंद ठेवूनच रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. एकही चूक दिसली तर त्या मशीनवर कामाच्या फायली ठेवू नका, कारण बिघडलेली रॅम फायली नकळत खराब करते.

एवढ्यानेही काही झाले नाही, तर बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात का बघा. कोणता दिवा लागून राहतो ते आणि बोर्डाचे मॉडेल इथे लिहा, पुढचे त्यावरून सांगता येईल.