विल्कोचा ‘स्काय ब्लू स्काय’ समीक्षकांना का रुचला नाही आणि श्रोत्यांनी तो का जपला?

आपण विचारले आहे की, विल्को या अमेरिकी बँडच्या ‘स्काय ब्लू स्काय’ या अल्बमची जुनी परीक्षणे वाचली तर तो सपक आणि सुस्त वाटतो, पण मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकली तर त्यातल्याच गाण्यांना लोक सर्वांत मोठी दाद देताना ऐकू येतात, तेव्हा कोणाचे खरे मानावे? माझ्या मते समीक्षकांची तक्रार खोटी नव्हती, परंतु ती या अल्बमपेक्षा त्याच्या आधीच्या दोन अल्बमविषयी अधिक होती. हे मी काहीशा खात्रीने सांगतो, कारण विल्कोचे मी ऐकलेले पहिले काम हेच होते. आधीचे अल्बम आणि त्यांच्याभोवतीची कीर्ती यांपैकी काहीही मला ठाऊक नव्हते, आणि पुढे परीक्षणे वाचली तेव्हा ती एखाद्या दुसऱ्याच अल्बमविषयी लिहिली असावीत असे मला वाटले. नंतर त्या दोहोंपैकी पहिला, ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’, ऐकला आणि समीक्षकांचा अपेक्षाभंग कोठून आला ते समजले.

‘अंकल टुपेलो’ हा बँड फुटल्यावर 1994 मध्ये गायक-गीतकार जेफ ट्वीडीने विल्को उभा केला. 2001 मध्ये रिप्राइज या ध्वनिमुद्रण कंपनीने ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ प्रकाशित करण्याचे नाकारले, तेव्हा बँडने तो आपल्या संकेतस्थळावर लोकांना ऐकायला खुला केला, आणि 2002 मध्ये नॉनसच कंपनीने तो प्रकाशित केला. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या अमेरिकी संकेतस्थळाने त्याला 10 पैकी 10 गुण दिले. साध्या चालींवर खरखर, रेडिओचे तुटक आवाज आणि मोडलेले ठेके यांचे थर चढवण्याची त्यातली पद्धत अनेकांना नव्या शतकाच्या रॉक संगीताची दिशा वाटली. 2004 चा ‘अ घोस्ट इज बॉर्न’ त्याहूनही पुढे गेला. त्यातले एक गाणे सुमारे पंधरा मिनिटांचे आहे आणि त्याचा बहुतेक भाग म्हणजे नुसता घुमत राहणारा आवाज. ट्वीडीला छळणाऱ्या अर्धशिशीच्या वेदनेचे ते ध्वनिरूप होते. अशा दोन अल्बमनंतर तिसरा आणखी अवघड, आणखी धाडसी असेल अशी अपेक्षा समीक्षकांनी धरली, यात त्यांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही.

प्रत्यक्षात 15 मे 2007 रोजी जे हाती आले ते स्वच्छ, उबदार आणि बऱ्याच ठिकाणी हळुवार होते. दरम्यान ट्वीडीच्या आयुष्यात पुष्कळ काही घडून गेले होते. 2004 मध्येच वेदनाशामक औषधांच्या व्यसनावर उपचार घेण्यासाठी तो रुग्णालयात दाखल झाला होता, आणि 2006 मध्ये त्याची आई वारली होती. बँडही बदलला होता. गिटारवादक नेल्स क्लाइन आणि अनेक वाद्ये हाताळणारा पॅट सॅन्सोन हे दोघे आल्यानंतरचा हा पहिलाच स्टुडिओ अल्बम. जॉन स्टिरॅट, ग्लेन कोची आणि मिकाएल यॉर्गेन्सन यांच्यासह तेव्हा जमलेले सहा जण पुढेही एकत्र राहिले. शिकागोतल्या आपल्या ‘लॉफ्ट’ या जागेत त्यांनी ही गाणी बरीचशी एकत्र बसून, एकमेकांचे ऐकत वाजवली आणि वरून थर चढवण्याचा मोह टाळला. स्वतःच्या दुखण्यातून नुकता बाहेर पडलेला माणूस शब्दांची कोडी घालणे थांबवतो आणि सरळ बोलू लागतो, हे मला पूर्णपणे समजण्यासारखे वाटते.

पिचफोर्कने त्याला 5.2 गुण दिले. परीक्षक रॉब मिचम यांनी या संगीताला ‘डॅड-रॉक’ म्हटले, म्हणजे संसारात स्थिरावलेल्या बापमाणसांचे रॉक. हा शब्द त्याआधी ब्रिटिश संगीत नियतकालिकांत वापरला जात होता, परंतु अमेरिकेत तो या परीक्षणामुळे रूढ झाला आणि विल्कोला कायमचा चिकटला. माझा या शब्दावर आक्षेप आहे, आणि तो केवळ चाहत्याचा राग म्हणून नाही. कोणत्या वयाचा माणूस काय ऐकतो हे सांगून त्या संगीतात काय घडते आहे याविषयी काहीच सांगितले जात नाही. गाण्याचे वर्णन टळते आणि श्रोत्याला मात्र किंचित लाज वाटायला लागते. 2019 मध्ये मिचम यांनी स्वतःच एक लेख लिहून हा शब्द प्रचारात आणल्याबद्दल खंत व्यक्त केली, आणि असे जाहीरपणे लिहिणाऱ्या समीक्षकाविषयी मला आदर वाटतो.

सर्वच समीक्षकांनी अल्बम झोडपला होता, हा आपल्या प्रश्नातला सूर मात्र थोडा दुरुस्त करावा लागेल. अनेक परीक्षणे अनुकूल होती, आणि सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमसाठी त्याला ग्रॅमी नामांकनही मिळाले. दुसऱ्या बाजूला, श्रोतेही एकमुखाने खूश नव्हते. यातली काही गाणी फोक्सवॅगनच्या मोटारींच्या जाहिरातींत वाजू लागली, तेव्हा जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना तो विश्वासघात वाटला, कारण बड्या कंपनीपुढे न झुकलेला बँड हीच विल्कोची ओळख त्यांच्या मनात होती. रेडिओ आपली गाणी वाजवत नसताना ती लोकांपर्यंत नेण्याचा हा एक मार्ग आहे, अशी बँडची भूमिका होती. मला ती पटते. तरीही, एखादे गाणे आधी आपल्या एकांतात ऐकलेल्या माणसाला ते मोटारीच्या चित्राखाली ऐकताना काय वाटले असेल, हेही समजते.

विक्रीवर या वादांचा परिणाम झाला नाही. पहिल्या आठवड्यात सुमारे 87,000 प्रती खपल्या आणि अल्बम अमेरिकेतल्या खपाच्या बिलबोर्ड 200 यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचला. ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ तेराव्या क्रमांकापर्यंतच गेला होता. पण मी विक्रीला निर्णायक मानत नाही, कारण पहिल्या आठवड्यातला खप आधीच्या कामाच्या पुण्याईवर होत असतो. खरा निकाल मैफलींत लागला आणि तो मुख्यतः ‘इम्पॉसिबल जर्मनी’ या एका गाण्यामुळे लागला. जवळपास सहा मिनिटांच्या या गाण्यात शब्द निम्म्याच्या आसपास संपतात आणि पुढची जागा क्लाइनच्या गिटारची असते. तो प्रथम दोन-तीन सुरांभोवती घुटमळतो, मग वाक्ये लांबवत नेतो, आणि ताण वाढून आता पुढे काय असे वाटत असतानाच ट्वीडी आणि सॅन्सोन यांच्या गिटारी एकमेकींत गुंफलेली ठरलेली चाल घेऊन येतात व तिन्ही गिटारी समेवर भेटतात. मैफलीत क्लाइन ही जागा दर वेळी नव्याने भरतो. त्यामुळे एकच गाणे दहा मैफलींत ऐकणाऱ्यालाही अकरावी ऐकावीशी वाटते, आणि हे केवळ एक-दोन वेळा ऐकून मुदतीत लिहिल्या जाणाऱ्या परीक्षणात दिसणे अवघडच होते. धाडस या अल्बममध्येही होते. ते ध्वनिमुद्रणाच्या युक्त्यांतून निघून वादकांच्या हातांत गेले होते.

जिथे समीक्षकांचे बरोबर आहे ते सांगितले पाहिजे. अल्बमचा मधला भाग सैल आहे. ‘शेक इट ऑफ’मधले अडखळते ठेके मुद्दाम घेतलेले आहेत हे कळते, पण त्यांतून गाणे उभे राहत नाही, आणि ‘लीव्ह मी (लाइक यू फाउंड मी)’ इतके संथ आहे की मी स्वतः ते बहुधा ओलांडून पुढे जातो. बारापैकी दोन-तीन गाणी वगळली असती तर निकाल वेगळा लागला असता, असे मला मनापासून वाटते.

मात्र ‘हेट इट हियर’ला हसणाऱ्यांशी मी सहमत नाही. सोडून गेलेल्या जोडीदाराच्या आठवणीत एक माणूस घर झाडतो, कपडे धुतो, हात रिकामे राहू नयेत म्हणून एकेक काम शोधतो, एवढेच त्यात आहे, आणि अनेकांना ते फार घरगुती वाटले. मला त्यातला वाढत जाणारा आवाज ऐकताना दर वेळी गलबलून येते. शेवटचे ‘ऑन अँड ऑन अँड ऑन’ ट्वीडीने आईच्या मृत्यूनंतर वडिलांसाठी लिहिले. आपण अल्बम ऐकायचे ठरवले असेल तर ‘इम्पॉसिबल जर्मनी’पासून सुरुवात करावी, मग त्याचे एखादे मैफलीतले ध्वनिमुद्रण ऐकावे, आणि हे शेवटचे गाणे त्यानंतर, घाई नसलेल्या वेळेसाठी राखून ठेवावे.