सुगम, सुलभ की प्रवेशयोग्य?

प्रश्न असा आला आहे: 'सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या दुकानांसाठी मोबाइल अ‍ॅप करतोय. अंधांना, हात थरथरणाऱ्यांनाही वापरता येईल अशी रचना आहे. माहितीपत्रकात अ‍ॅक्सेसिबलसाठी काय लिहू? सुलभ, सुगम्य की प्रवेशयोग्य? आणि सुगम असताना सुगम्य कशाला?'

'प्रवेशयोग्य' आधी बाजूला ठेवू. हा शब्द वाचला की मला नाट्यगृहाच्या दारात तिकीट फाडणारा माणूस दिसतो. प्रवेश ही उंबरठ्यापुरती गोष्ट. आत गेल्यावर नीट वावरता येतंय का, हे तो शब्द सांगत नाही.

'सुलभ'चं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. लभ् म्हणजे मिळणं. सहज मिळतं ते सुलभ, म्हणून 'सुलभ हप्ते' हा प्रयोग अगदी चोख. पुढे अर्थ 'सोपं'कडे सरकला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'सुलभम्' म्हणजे सोपंच, कन्नडमध्येही 'सुलभ' तेच. पण सोपं कुणाला?

माझा एक मित्र पूर्ण अंध आहे. मध्यंतरी चहाच्या टपरीवर बसून तो एका अ‍ॅपवरून बिल भरत होता. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर बोलत होता: "बटण. बटण. बटण." तिन्हींवर नुसती चित्रं होती, घर, पाकीट, घंटा. मला एका नजरेत कळली. मी म्हटलं, "सोपं आहे की!" तो म्हणाला, "तुला हाय बे," आणि फोन माझ्या हातात दिला. मग पिन सांगितला, शेजारच्या बाकड्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दुसरा इलाजच नव्हता. अशा अ‍ॅपला सुलभ म्हणता येईल, सुगम नाही.

'सुगम'मध्ये गम् धातू आहे, म्हणजे जाणं. त्याचा विरुद्धार्थी दुर्गम. आणि जिथे जाणं कठीण तो दुर्ग. सिद्धेश्वर तलावाकाठचा सोलापूरचा भुईकोट किल्ला त्यातलाच, डोंगर नसला तरी खंदक आहे! पण संस्कृतात गतीचे धातू ज्ञानाचा अर्थही देतात. अवगत, अवगम हे शब्द त्यातूनच आले. म्हणजे सहज पोचता येतं आणि सहज उमगतंही, ते सुगम. वेबच्या सुगम्यतेसाठीचे डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष चार गोष्टी मागतात: मजकूर इंद्रियांना जाणवावा, वापर करता यावा, समजावं आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकावं. यातल्या निदान पहिल्या तीन या एका धातूत मावतात. 'सुलभ'मध्ये ओढूनताणून बसवाव्या लागतील.

आता 'सुगम्य'. व्याकरणाचा हट्ट धरला तर धातूच्या आधी 'सु' किंवा 'दुर्' आला की पाणिनी 'खल्' प्रत्यय सांगतो: सुगम, दुर्गम, सुलभ, दुर्लभ, सुकर, दुष्कर. त्यामुळे 'सुगम' पुरेसा आहे आणि 'सुगम्य'मधला 'य' फुकटचा. तरी मी भांडत नाही. ३ डिसेंबर २०१५ ला 'सुगम्य भारत अभियान' सुरू झालं आणि शब्द सरकारी कागदांत रुळला. शिवाय नुसतं 'सुगम' म्हटलं की आपल्याकडे पुढे 'संगीत' आपोआप ऐकू येतं. माहितीपत्रकात 'सुगम्य' आणि 'सुगम्यता' बिनधास्त लिहा.

अ‍ॅपच्या आत मात्र हे भाववाचक नाम कुठेही नको. 'सुगम्यता पर्याय' असं बटण दिसलं तर टॉवेल घ्यायला आलेली आजी ते दाबणार नाही. 'अक्षरं मोठी करा', 'वाचून दाखवा' असं लिहा. चित्राखालच्या वर्णनातही 'चादर' एवढ्यावर थांबू नका. 'लाल-काळी चादर, कडेला पांढरे पट्टे' असं काही असलं तरच अंध गिऱ्हाईक निवड करू शकेल.

आणि ते माहितीपत्रक युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर मराठी लिहितो त्याच पद्धतीत, टाइप करून घ्या. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर तिच्यातला 'सुगम्य' शब्द भलत्याच चिन्हांची खिचडी करून वाचतो.