रोल धुवायला अख्खा रविवार लागत नाही

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

फिल्म कॅमेऱ्याबद्दल या वेळी इतकी पत्रे आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : म्हापशाला माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारसे, लग्न, सगळे डिजिटलवर. बाबांचा पेंटॅक्स के१००० कपाटात सापडला आणि फिल्मवर पोर्ट्रेट काढायची पुन्हा ओढ लागली. पण मुले सात आणि तीन वर्षांची आहेत, सीझनला रविवारही ऑर्डरीत जातो. बायको म्हणते, उरलेला रविवार आता बाथरूममध्ये जाणार. रोल घरी धुवायला खरा वेळ किती लागतो?

उत्तर : वहिनींची शंका रास्त आहे, कारण बहुतेक जण हे सगळे एका दमात उरकायला बसतात. एका कृष्णधवल रोलचा हिशोब मांडू. टँकमध्ये, म्हणजे उजेड आत न जाऊ देणाऱ्या डब्यात, रोल भरायला दहा मिनिटे. रसायने मोजून तापमानावर आणायला पंधरा. डेव्हलपरपासून (चित्र उमटवणारे रसायन) शेवटच्या पाण्यापर्यंत अर्धा तास. वाळायला उन्हाळ्यात तीन-चार तास, पावसात रात्रभर. आणि वाळलेल्या ३६ फ्रेम डिजिटल कॅमेऱ्याने उतरवून घ्यायला पाऊण तास.

यातला जो भाग मध्येच सोडता येत नाही तो जेमतेम सतरा-अठरा मिनिटांचा आहे : डेव्हलपर ओतल्यापासून फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) पुरा होईपर्यंत. तेवढ्यात दार वाजो की मूल रडो, तुम्ही उठायचे नाही. बाकी सगळे तुकड्यांत होते. टँक बंद झाला की उजेड आत जात नाही, म्हणून दुपारी धाकटा झोपल्यावर रोल भरून ठेवा आणि धुवायला रात्री साडेदहाला घ्या. रात्री धुतलेला रोल सकाळपर्यंत वाळतो. उतरवून घेण्याचे काम दुसऱ्या कुठल्याही दिवशी स्टुडिओत, गिऱ्हाईक नसताना. मॅक्रो लेन्स, खाली एलईडीचा पांढरा पॅड, एफ ८, आयएसओ १००, कॅमेरा फिल्मला अगदी समांतर. हे सामान तुमच्याकडे बहुधा आहेच.

महिन्याला एक, फार तर दोन रोल. सहा महिने फिल्म एकच आणि डेव्हलपरही एकच, उदाहरणार्थ एचपी५ प्लस आणि डी-७६. दर रोलला नवे काही करून पाहिले की चूक फिल्मची, रसायनाची की हाताची हे कळतच नाही. डी-७६ ची पूड साधारण ५०-५५ अंशांच्या पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण होते. ते गार व्हायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी करा. काठोकाठ भरलेल्या बाटलीत ते सहा महिने टिकते, अर्ध्या रिकाम्या बाटलीत दोनच. म्हणून एका मोठ्या बाटलीऐवजी चार छोट्या घ्या. एका रोलला १५० मिली द्रावण आणि १५० मिली पाणी. २० अंशांना अकरा मिनिटे. पहिली दहा सेकंद टँक चार वेळा उलटा-सुलटा करा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चार वेळा. प्रत्येक वेळी टँक ओट्यावर हलकेच आपटा, नाहीतर बुडबुडे चिकटून निगेटिव्हवर गोल ठिपके पडतात. वापरलेले मिश्रण टाकून द्यायचे, पुन्हा वापरायचे नाही. यानंतर अर्धा मिनिट स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण) आणि पाच मिनिटे रॅपिड फिक्सर, एक भाग फिक्सरला चार भाग पाणी.

आणखी एक, न विचारता सांगतो. लग्नाच्या ऑर्डरीत इतक्यात फिल्म घुसवू नका. चवथीला सगळे गावच्या घरी जमतातच. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पाल्याच्या मांडवाखाली, गर्दी असते आणि उजेड कमी, म्हणून तिथे नको. दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या पडवीत) एकेकाला बसवा. रोल तिथेच संपतो आणि घरच्यांचा वेळही घरच्यांसोबतच जातो.

प्रश्न : जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये कोळिष्टकासारखे धागे दिसतात. मागचे झाकण उघडले तर काळे चिकट काहीतरी बोटाला लागते. तांदळाच्या डब्यात ठेवले तर ओल जाईल का? (फोंडा)

उत्तर : तांदूळ पेजेसाठी ठेवा. त्याची भुकटी लेन्सच्या आट्यांत शिरते आणि ओल काही जात नाही. धागे म्हणजे बुरशी. मे महिन्यातल्या कडक उन्हात लेन्स ठेवण्याचा सल्लाही कुणी देईल, तोही ऐकू नका. आतले ग्रीस पातळ होऊन डायाफ्रामच्या (उजेडाचे भोक लहान-मोठे करणाऱ्या) पात्यांवर उतरते आणि पाती अडकतात. कडेला दोन-चार धागे असतील तर फोटोत फारसा फरक पडत नाही. मध्यभागी जाळे असेल आणि उजेड समोरून आला तर चित्र धुरकट येते. अशी लेन्स उघडून साफ करून घ्यावी लागते, पण बुरशीने कोटिंग खाल्लेले असेल तर डाग राहतोच.

पुढची बुरशी टाळायला रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, त्यात २०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेल हिरवे पडले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करा (ही कढई मग स्वयंपाकाला नको). कॅमेऱ्याचे चामड्याचे कव्हर मात्र डब्यात ठेवू नका. गोव्यात बुरशीचे माहेरघर तेच.

चिकट काळे म्हणजे उजेड अडवणारा फोम. वयाने तो विरघळतो. लाकडी काडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅमेरा पालथा धरा, म्हणजे कण शटरच्या कापडी पडद्यावर पडणार नाहीत. त्या पडद्याला बोट लावायचे नाही. खाचेत काळी लोकर बसवली तरी काम भागते. आरशाच्या वरची फोमची पट्टीही तपासा, बहुतेक जण ती विसरतात.

के१००० सारखा कॅमेरा पूर्ण यांत्रिक असतो, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते. त्या मीटरला बंद करण्याचे बटण नाही, लेन्सवर टोपी घालणे हाच स्विच. रोल घालण्याआधी मागचे झाकण उघडून पांढऱ्या भिंतीकडे रोखा आणि प्रत्येक वेगावर शटर मारा. एक सेकंद, अर्धा सेकंद अडखळत असतील तर यंत्रणेतले ग्रीस सुकले आहे. १/१००० ला चौकटीची एक बाजू काळी दिसली तर दुरुस्ती येईपर्यंत तो वेग सोडून द्या.

प्रश्न : तीन रोल धुतले, तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडले. एक कोरा, एक दुधाळ, एकावर अर्धचंद्र आणि अपारदर्शक डाग. (मडगाव)

उत्तर : निगेटिव्ह वाचताना आधी चित्र नव्हे, कडेचे आकडे पाहायचे. ते कारखान्यातच छापलेले असतात, त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. आकडे ठळक आणि फ्रेम कोऱ्या, तर डेव्हलपर ठीक आहे. रोल कॅमेऱ्यात सरकलाच नाही किंवा शटर उघडले नाही. पुढच्या वेळी रोल भरल्यावर रिवाइंडची चावी हलकेच ताणून बघा. फ्रेम पुढे नेताना ती फिरली पाहिजे. आकडेही पुसट, तर डेव्हलपर मेलेला किंवा वेळ कमी. आकडेच नाहीत आणि सगळी फिल्म काचेसारखी स्वच्छ, तर फिक्सर आधी ओतला गेला. बाटल्यांना ठळक लेबले लावा, झाकणांचे रंग वेगळे ठेवा.

दुधाळ रोल वाचतो! फिक्सर कमी पडला एवढेच. उजेडातसुद्धा ताज्या फिक्सरमध्ये पाच मिनिटे बुडवा. रोल धुण्याआधी फिल्मचे कापलेले टोक फिक्सरमध्ये टाकून ते किती वेळात पारदर्शक होते ते पाहा आणि त्याच्या दुप्पट वेळ द्या. तीस सेकंदांवरून हा वेळ मिनिटावर गेला की फिक्सर संपला.

अर्धचंद्र आणि डाग यांचे मूळ एकच : घाम. चेंजिंग बॅगेत (अंधारात रोल भरायच्या काळ्या पिशवीत) दहा मिनिटे हात घातले की आपल्या हवेत आत वाफ धरते, फिल्म प्लास्टिकच्या रिळात अडकते, तुम्ही ढकलता, ती दुमडते. दुमड म्हणजे अर्धचंद्र. दोन वेटोळी एकमेकांना चिकटली तिथे रसायन पोचले नाही, तो डाग. रीळ हेअर ड्रायरने कोरडे करा, फिल्मचे पुढचे दोन कोपरे किंचित गोल कापा. अडकलीच तर जोर न करता सगळे बंद टँकात ठेवा, हात पुसा, पाच मिनिटांनी पुन्हा. बॅगेपेक्षा रात्री खिडकी नसलेल्या खोलीत भरणे कधीही सोपे. दाराच्या फटीला टॉवेल लावा आणि पाच मिनिटे अंधारात बसून उजेड कुठून येतो का पाहा.

प्रश्न : मे महिन्यात नळाचे पाणी तीस अंशांवर असते. २० अंश आणायचे कुठून? (डिचोली)

उत्तर : २० चा हट्ट सोडा, २४ धरा. अकरा मिनिटांची वेळ तिथे साधारण पावणेआठ होते. त्याहून गरम गेलात की वेळ पाच मिनिटांच्या खाली उतरत जाते आणि चित्र पट्टेरी येऊ लागते. बर्फ रसायनात टाकायचा नाही. बादलीत बर्फाचे पाणी घ्या आणि रसायनांच्या बाटल्या त्यात उभ्या करा. डेव्हलपर २४ ला आणि पाणी ३० ला असे करू नका. झटका बसला तर फिल्मवरचा थर सुरकुततो. धुण्याचे पाणीही त्याच बादलीतून घ्या. नळाखाली सोडण्याऐवजी टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटा, पाणी बदला, दहा वेळा, पुन्हा बदला, वीस वेळा. पाणीही वाचते.

स्टॉप बाथला बाजारातले रंगहीन व्हिनेगर पातळ करून चालते. माडीचे घरगुती व्हिनेगर मात्र नको, त्यात गाळ असतो. विहिरीच्या पाण्याने डाग पडत असतील तर डेव्हलपर आणि शेवटची बुडकी डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा, बुडकीत वेटिंग एजंटचे (पाण्याचे थेंब फिल्मवर साचू न देणारे द्रावण) दोन थेंब. पंखा लावायचा नाही, धूळ चिकटते. आंघोळीनंतरचे बाथरूम वाळवणीला चांगले, कारण वाफेने धूळ खाली बसलेली असते. खाली चिमटा लावा.

प्रश्न : आजीचे पोर्ट्रेट घरातच काढायचे आहे, फ्लॅश नको. (केपे)

उत्तर : शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी असेल तर तिथेच. तो उजेड मऊ येतो, वेगळा पडदा लागत नाही. खिडकीपासून हातभर अंतरावर, चेहरा अर्धा तिच्याकडे. मागे सरकलात की उजेड झपाट्याने कमी होतो. राजांगणात (घराच्या मधल्या उघड्या चौकात) वरून उजेड पडून डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, म्हणून आजींना छपराखाली ओटीच्या कडेला बसवा आणि मांडीवर धुतलेली पांढरी चादर द्या, हनुवटीखालून उजेड परत येतो.

बाल्कांवात मागचे अंगण लख्ख असते, मीटर त्याला भुलतो आणि चेहरा काळा पडतो. जवळ जाऊन चौकटीत फक्त गाल घ्या, मापन ठरवा, मग मागे या. सावळ्या चेहऱ्याला मीटर सांगेल तेच द्या, गोऱ्याला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड. ४०० च्या फिल्मवर उन्हाच्या दिवशी उघड्या सावलीत १/५०० ला एफ ५.६ जवळपास बसते. पावसाळी दिवशी खिडकीशी १/१२५ ला एफ २.८. ५० मिमीच्या लेन्सने दीड मीटरवरून एफ २ ला स्पष्टतेची खोली फक्त अकरा सेंटिमीटर असते. आजी थोड्या पुढे झुकल्या की फोकस नाकावर. एफ ४ ला ती जवळपास दुप्पट होते. कॅमेरा स्थिर असेल तर एफ ४ च घ्या.

प्रश्न : वापरलेला फिक्सर कुठे ओतायचा? आमची विहीर शोषखड्ड्याजवळ आहे. घरात लहान मूल आहे. (पेडणे)

उत्तर : ओतायचाच नाही. त्यात चांदी असते. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा, त्यात तारेची लोखंडी घासणी टाकून काही दिवस ठेवा. लोखंड विरघळते आणि चांदी गाळ होऊन तळाशी बसते. तरीही वरचे पाणी विहिरीजवळ नको. रसायने थंड पेयाच्या बाटलीत कधीही नकोत, फ्रीजमध्ये तर नाहीच. कुलूपबंद कपाट, स्वतंत्र मापे आणि हातमोजे. डी-७६ मधल्या मेटॉलने काहींच्या बोटांना खाज येते, ती दर वेळी वाढत जाते.

प्रश्न : मोपाहून विमानाने जाताना रोल कुठे ठेवू? (वास्को)

उत्तर : चेक-इन बॅगेत कधीच नको, तिथला एक्स-रे जोरदार असतो. हातातल्या बॅगेत, प्लास्टिकच्या डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी यंत्रातून एकदा गेला तरी रोलवर पडदा चढू शकतो, म्हणून यंत्र कोणते ते आधी विचारा.