चिकूचा पट्टा नव्या पिल्लाला घालू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पिल्लू चिकू पार्व्होने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या त्या उलटी-जुलाबाच्या विषाणूच्या आजाराने, गेलं त्याला पंचवीस दिवस झाले आणि घरातले सगळे म्हणताहेत, दुसरं पिल्लू आणा म्हणजे हिचं रडणं थांबेल. तू मला विचारलंस, इतक्या लवकर दुसरं आणलं तर ती चिकूशी बेइमानी होईल का. नाही होणार. एका जिवाला लळा लावल्याने दुसऱ्याचा पुसला जात नाही. तरीही आत्ता आणू नकोस. तुझं मन तयार असेलही, तुझं अंगण तयार नाही.

हे मी सांगतेय, कारण मी ती चूक केली आहे. माझं पिल्लू, राजा, दोन महिन्यांचा असताना पार्व्होनेच गेला. खिडकीच्या गजाला नाडीने बांधलेली सलाइनची बाटली आणि खाली गोणपाटावर पडलेलं ते एवढंसं अंग आजही डोळ्यांपुढून जात नाही. त्या जुलाबाचा वास ज्याने एकदा घेतलाय तो जन्मात विसरत नाही. तो गेल्यावर घर खायला उठलं. मी तीन वेळा फिनेलने फरशी पुसली, गोणपाट उन्हात घातलं आणि सतराव्या दिवशी एक पिल्लू घेऊन आले. पाच दिवस ती घरभर बागडली. सहाव्या दिवशी सकाळी दुधाच्या वाटीपाशी गेली, वास घेतला आणि मान खाली घालून तशीच बसली. मला तिथेच कळलं. तीही गेली. राजाच्या वेळी मला काही ठाऊक नव्हतं, असं मी मनाला समजावू शकले. तिच्या वेळी ते जमलं नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लांबण लावतेय.

हा विषाणू फार चिवट आहे. आजारी पिल्लाच्या शीमधून तो बाहेर पडतो आणि फरशीच्या सांध्यात, अंथरुणात, मातीत, चपलेच्या तळव्याला महिनोन् महिने जिवंत राहतो. फिनेलचा वास आला की आपल्याला घर स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण पार्व्होसाठी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याला ब्लीच लागतं, कपडे पांढरे करायला मिळतं ते साधं. आधी साबणाने घासून सगळी घाण काढ, कारण घाण राहिली तर ब्लीच तिथेच खर्ची पडतं. मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी भिजव आणि दहा मिनिटं ओलीच राहू दे. पुसायची घाई करू नकोस, सगळं काम त्या दहा मिनिटांत होतं. पाणी दर वेळी ताजं कर, खिडक्या उघड्या ठेव. आणि त्यात फिनेल किंवा संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळू नकोस, विषारी वायू होतो. स्टीलची वाटी अशीच धुऊन वापरता येईल. गादी, उशी, चावलेली खेळणी टाकून दे.

एवढं केल्यावर घराच्या आतला भाग साधारण महिन्याभरात निर्धोक होतो. अंगणाचं तसं नाही. सारवलेल्या जमिनीला आणि मातीला ब्लीच लागू पडत नाही, तिथे फक्त ऊन आणि दिवस काम करतात. चांगलं ऊन असेल तर पाच महिने, सावलीची जागा असेल तर सात, असा हिशेब पशुवैद्य धरतात. तुझ्या अंगणात आंब्याची गार सावली, चिकू गेला तो ऐन श्रावणात. म्हणजे लहान पिल्लासाठी शिमग्यापर्यंत थांब.

तेवढं थांबवत नसेल तर दुसरी वाट आहे, आणि मला विचारशील तर तीच जास्त चांगली. दीड-दोन वर्षांचं, सगळी इंजेक्शनं आणि बूस्टर झालेलं कुत्रं घे. पार्व्होचा खरा घास म्हणजे दीड ते सहा महिन्यांची पिल्लं. नीट लसीकरण झालेल्या मोठ्या कुत्र्याला तुझ्या घरात फारसं भय नाही. आपल्याकडे लोकांना पिल्लूच हवं असतं, म्हणून निवाऱ्यांत किती गुणी कुत्री वर्षानुवर्षं पडून असतात. मोठं कुत्रं लळा लावत नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. माझ्या घरी सध्या दाराशी झोपते ती तीन वर्षांची झाल्यावर आली.

आता जे तू लिहिलं नाहीस, पण प्रत्येक ओळीमागे दिसलं, त्याबद्दल. चिकूला एक इंजेक्शन दिलेलं होतं आणि तरी तो गेला, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं तुला वाटतंय. नीट वाच. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईचं जे चिकाचं दूध पितं, त्यातून आईची रोगप्रतिकारशक्ती त्याच्या अंगात येते. ती काही आठवडे त्याला सांभाळते, पण लसही तीच निकामी करते. हळूहळू ती उतरते. मध्ये असे काही दिवस येतात की रोग अडवायला ती पुरत नाही, पण लस लागू न द्यायला मात्र पुरते. हे दिवस कधी येतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिला डोस द्यायचा, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी देत राहायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. पुष्कळ जण दोन डोस देऊन थांबतात, शेवटचा तेवढा राहतो. चिकू नऊ आठवड्यांचा होता. त्या वयात जे करायचं ते तू केलं होतंस.

तुझे आजोबा म्हणतील, आमच्या कुत्र्यांना कुठे इंजेक्शनं होती? त्यांचं खरं आहे, कारण तेव्हा हा रोगच नव्हता. पार्व्हो जगाला कळला १९७८ साली, आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पसरला. त्यांना हे शांतपणे सांग, ते ऐकतील.

पिल्लूच घ्यायचं ठरलं तर महिन्याभराचं कोणी हातात ठेवलं तरी घेऊ नकोस. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, आणि कायदा नसता तरी तेवढं लहान पिल्लू आईपासून तोडू नये. आणल्यावर पहिले दोन दिवस उलटले की डॉक्टरांकडे ने, दवाखान्यात जमिनीवर सोडू नकोस, मांडीवर ठेव. डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, पार्कात पाय लागू द्यायचे नाहीत. पण कोंडूनही ठेवू नकोस. कडेवर घेऊन फीर, रिक्षा, भाजीवाली, शाळेची मुलं दाखव, नाहीतर मोठेपणी प्रत्येक आवाजाला बिचकेल. बाहेरच्या चपला उंबऱ्याबाहेर, आणि त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर.

एक दिवस खाल्लं नाही, ओकलं, कोपऱ्यात जाऊन बसलं, तर ताक-भात देऊन बघू म्हणत संध्याकाळ करू नकोस. रक्त दिसायची वाट बघायची नसते. शीची तपासणी दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटांत होते. वेळेवर सलाइन आणि उपचार मिळाले तर बरीचशी पिल्लं वाचतात. माझ्याकडे अशी वाचलेली सात जणं होऊन गेली.

राहता राहिला चिकूचा पट्टा. उशाशी घेऊन झोपतेस असं तुझी आई म्हणाली. माणसांना हा रोग होत नाही, तेव्हा जवळ ठेव, टाकू नकोस. फक्त घरात नवं कुत्रं यायच्या आधी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेव. नव्याला नवा पट्टा आणू, त्याच्या मानेच्या मापाचा.

शिमग्यानंतर आणायचं ठरलं की आठ दिवस आधी कळव. मी येईन. जाताना टोपली माझी घेऊ, आणि चादर मी धुऊन ठेवते.

तुझी,
मावशी